जुन्या हार्डडिस्कचे बॅड सेक्टर : आधी प्रत, मग दुरुस्ती

विंडोज एक्सपीचा जुना संगणक बऱ्याच महिन्यांनी सुरू करावा आणि परिचित हिरव्या टेकडीच्या चित्राऐवजी निळा पडदा समोर यावा, हा अनुभव अनेक घरांत आणि कार्यालयांत आलेला आहे. डिस्कची तपासणी करणे आवश्यक आहे, ती टाळायची असल्यास १० सेकंदांत कोणतीही कळ दाबावी, अशा आशयाची सूचना त्यावर असते आणि आकडे उलटे मोजले जात असतात. बहुतेक जण काहीच करीत नाहीत. यंत्र स्वत:हून काही दुरुस्त करीत असेल तर करू द्यावे, असा त्यामागचा साधा विचार. हार्डडिस्क धडधाकट असेल तर तो योग्यही ठरतो. मात्र डिस्क जुनी असेल, तिच्यात बॅड सेक्टर निर्माण झाले असतील आणि तिच्यावरील छायाचित्रांची, हिशेबांची वा हस्तलिखिताची दुसरी प्रत कोठेही नसेल, तर त्या दहा सेकंदांत कळ दाबून तपासणी टाळणे हेच शहाणपणाचे असते.

एक्सपीला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे साह्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. त्या काळातील हार्डडिस्क मात्र संपलेल्या नाहीत. माळ्यावर, दुकानाच्या गल्ल्यामागे, डीटीपीच्या छोट्या केंद्रांत ४० किंवा ८० जीबीच्या डिस्क अजूनही पडून आहेत आणि त्यांवर त्या काळातील डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले लग्नसमारंभ, टॅलीतील जुनी खाती आणि अक्षरजुळणी केलेली पुस्तके आहेत. अशी डिस्क कुरकुर करू लागली की पहिला सल्ला मिळतो तो 'स्कॅन मारा' किंवा 'फॉरमॅट करून टाका' असा. डिस्क पुन्हा वापरता येणे आणि तिच्यावरील माहिती वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या सल्ल्यात विसरले जाते.

सेक्टर 'बॅड' होतो म्हणजे काय?

हार्डडिस्कच्या बंद पेटीत अॅल्युमिनियमच्या वा काचेच्या चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा लेप असतो आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे या गतीने फिरतात. वाचन-लेखन करणारे हेड चकतीला स्पर्श करीत नाही. ते हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. हेड आणि चकती यांतील हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. चकतीवर वर्तुळाकार ट्रॅक आणि प्रत्येक ट्रॅकवर माहितीचे लहान कप्पे अशी रचना असते. या कप्प्याला सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये त्याचा आकार ५१२ बाइट असे. २०११च्या सुमारास नव्या डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरकडे वळल्या. ८० जीबीच्या सर्वसाधारण डिस्कवर १५ कोटी ६३ लाख सेक्टर असतात. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका सेक्टरमध्ये साधारण १७० चिन्हे, मराठीच्या दोन-तीन ओळी मावतात.

प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करणारी काही सांकेतिक माहितीही लिहिलेली असते. वाचताना थोडीफार गफलत झाली तर डिस्क तिच्या आधारे मूळ मजकूर अचूक उभा करते आणि संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. गफलत त्या मर्यादेपलीकडे गेली की डिस्क तोच सेक्टर पुन:पुन्हा वाचून पाहते. एक फाइल उघडताना संगणक मिनिटभर गोठल्यासारखा वाटतो तो याच काळात. सर्व प्रयत्न फसले की वाचन अशक्य असल्याचा निरोप संगणकाला मिळतो आणि पडद्यावर 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'चा उल्लेख असलेली अगम्य सूचना झळकते.

यामागची कारणे सारखी नसतात. हेड चकतीवर आदळून लेपावर ओरखडा उमटला असेल, लेप मुळात सदोष असेल किंवा सुटलेला कण पृष्ठभागावर फिरत असेल, तर तो प्रत्यक्ष, भौतिक बिघाड होय. याउलट लेखन सुरू असतानाच वीज गेली तर सेक्टर अर्धवट लिहिला जातो. तेथील मजकूर आणि सांकेतिक माहिती यांचा मेळ बसत नाही, म्हणून तो वाचता येत नाही. पृष्ठभाग मात्र निर्दोष असतो. भारनियमनाच्या वर्षांत यूपीएसविना चाललेल्या, किंवा यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली आहे हे कोणाच्या लक्षात न आलेल्या संगणकांत या दुसऱ्या प्रकाराला भरपूर वाव होता. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात.

चिकटपट्टीवरील यादी ते अदृश्य यादी

निर्दोष हार्डडिस्क ही कधीच अस्तित्वात नव्हती. १९८०च्या दशकातील ५, १० किंवा २० एमबीच्या डिस्कच्या अंगावर एक चिकटपट्टी असे आणि कारखान्यातील चाचणीत सापडलेल्या सदोष ट्रॅकचे क्रमांक तिच्यावर छापलेले किंवा हाताने लिहिलेले असत. डिस्क नव्याने बसवणारा तंत्रज्ञ डॉसच्या डिबग या प्रोग्रॅममधून 'लो लेव्हल फॉरमॅट' सुरू करी आणि ही यादी हाताने टंकित करी. काम किचकट होते; पण ग्राहकाला आपल्या डिस्कचे दोष डोळ्यांनी दिसत.

पुढे आयडीई डिस्क आल्या आणि नियंत्रणाचा सर्किट बोर्ड डिस्कवरच बसला. तेव्हापासून दोषांची नोंद डिस्क स्वत:च ठेवते. कारखान्यात सापडलेल्या दोषांची एक यादी आणि वापरात निर्माण झालेल्या दोषांची दुसरी. प्रत्येक डिस्कवर काही सेक्टर राखीव असतात. एखादा सेक्टर निकामी ठरला की त्याच्या जागी राखीव सेक्टर नेमला जातो आणि विंडोजला काहीही कळत नाही. त्यामुळे चिकटपट्टीही गेली आणि घरी खरेखुरे 'लो लेव्हल फॉरमॅट' करण्याची सोयही गेली. आज त्या नावाने मिळणारे प्रोग्रॅम संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितात, इतकेच.

आता मुख्य मुद्दा. सेक्टर वाचता येत नाही, एवढ्यावरून डिस्क तो बदलून टाकीत नाही. कारण उघड आहे. आतला मजकूर काय होता हे तिलाच ठाऊक नसते, मग नव्या जागी ती लिहिणार काय? म्हणून ती त्या सेक्टरला 'प्रलंबित' ठरवून वाट पाहते. पुढे कधी तो वाचता आला तर मजकूर वाचतो. मात्र त्यापूर्वी संगणकाने त्याच जागी नवे काही लिहिण्यास सांगितले, तर जुन्या मजकुराची गरज संपली असे डिस्क समजते. लेखन यशस्वी झाले तर तोच सेक्टर पुन्हा वापरात येतो, न झाल्यास राखीव सेक्टर नेमला जातो. दोन्ही प्रसंगी प्रलंबित सेक्टरची संख्या घटते आणि डिस्क 'बरी झाली' असे दिसते. जुना मजकूर मात्र कायमचा गेलेला असतो.

बॅड सेक्टर घालवल्याचा दावा करणाऱ्या बहुतेक उपायांचे रहस्य एवढेच आहे. ते खोटे नाहीत. केवळ त्यांची वेळ चुकते.

डिस्कची कुंडली

डिस्कच्या आत तिच्या प्रकृतीची नोंदवही असते. तिला 'स्मार्ट' असे नाव आहे आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या बहुतेक डिस्कमध्ये ती आढळते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमनटूल्स हे मोफत प्रोग्रॅम ती वाचून दाखवतात. नोंदी पुष्कळ असल्या तरी येथे चारच महत्त्वाच्या. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे प्रलंबित सेक्टर, १९८ म्हणजे डिस्कने स्वत:च्या तपासणीतही वाचता न आलेले सेक्टर. चौथी नोंद १९९ क्रमांकाची. ती चकतीबद्दल नसून डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या केबलमध्ये झालेल्या चुका मोजते. हा आकडा वाढत असेल आणि पहिले तीन शून्य असतील तर डिस्क बदलण्यापूर्वी केबल बदलावी. जुन्या रुंद पट्टीच्या केबल दुमडून आणि ओढून निकामी होतात. शिवाय अशा चुका वारंवार झाल्या की एक्सपी डिस्कशी बोलण्याची वेगवान पद्धत सोडून पीआयओ या जुनाट, संथ पद्धतीवर उतरते आणि केबल बदलल्यावरही तेथेच अडून राहते. डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू केल्यास गती पूर्ववत होते. एका केबलपायी कितीतरी चांगल्या डिस्क भंगारात गेल्या असतील.

या नोंदवहीवर विश्वास किती ठेवावा? गूगलच्या तीन अभियंत्यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसून आले. त्याच निबंधातील दुसरा निष्कर्ष तितकाच बोलका आहे : बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी या प्रकारच्या चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. म्हणजे नोंदवहीत इशारा असेल तर तो गंभीरपणे घ्यावा. नसेल तर निर्धास्त राहू नये. प्रोग्रॅमने एकंदर प्रकृती 'गुड' दाखवली तरी आकडे स्वत: पाहावेत. उत्पादकांनी ठरवलेल्या मर्यादा बऱ्याच सैल असतात.

प्रत काढताना

संशय आला की त्या डिस्कवर काम करणे थांबवावे. डीफ्रॅग, विषाणूशोध, नव्या प्रोग्रॅमची स्थापना यांपैकी काहीही करू नये. डिस्क संगणकातून काढून दुसऱ्या चांगल्या संगणकाला जोडणे उत्तम. आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारे अॅडॉप्टर अद्याप मिळतात; साडेतीन इंची डिस्कसाठी सोबत विजेचा स्वतंत्र जोड हवा. नव्या संगणकानेही डिस्क तपासून दुरुस्त करण्याची तयारी दाखवली तर नम्रपणे नकार द्यावा.

डिस्क दिसत असेल आणि बिघाड थोडा असेल तर फाइलींची प्रत थेट काढावी, पण महत्त्वाच्या क्रमाने. चित्रपट आणि गाणी शेवटी. एक्सपीत एका फाइलशी अडले की संपूर्ण प्रत काढण्याचे काम तेथेच थांबते, म्हणून एकेक फोल्डर घ्यावे. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत असणारी रोबोकॉपी ही आज्ञा अडलेली फाइल सोडून पुढे जाऊ शकते. मात्र काही न सांगितल्यास ती एका फाइलसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करीत राहते. आजारी डिस्कला यापेक्षा वाईट वागणूक देता येणार नाही. पुनर्प्रयत्नांची संख्या शून्य ठेवूनच ही आज्ञा वापरावी.

कोणत्या फाइली घ्यायच्या, याचा विचार 'माय डॉक्युमेंट्स'पाशी संपत नाही. आउटलुक एक्स्प्रेसची पत्रे लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. टॅलीच्या खात्यांचे फोल्डर बहुधा प्रोग्रॅमच्या जागीच असते. मराठी मजकुराबाबत आणखी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर टंकित केलेला मजकूर त्या त्या फॉन्टशिवाय अर्थहीन इंग्रजी चिन्हांसारखा दिसतो. त्यामुळे विंडोजच्या फोल्डरमधील फॉन्ट्स हे उपफोल्डरही सोबत घ्यावे. पुस्तकाची फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर ती उलगडण्यास परिवर्तकांची मनधरणी करावी लागते.

फाइलींच्या याद्याच वाचता येत नसतील किंवा प्रलंबित सेक्टर शेकड्यांनी असतील, तर संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रत काढणे हा मार्ग उरतो. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्रॅम सर्वांत भरवशाचा आहे. अँटोनिओ डियाझ यांनी तो लिहिला असून २००४पासून तो उपलब्ध आहे. जवळपास त्याच नावाचा, कुर्त गार्लोफ यांचा डीडी-रेस्क्यू हा वेगळा प्रोग्रॅम; नावांच्या साम्यामुळे गोंधळ होतो. डीडीरेस्क्यूची पद्धत अनुभवी माणसासारखी आहे. सहज वाचता येणारा भाग तो आधी उचलतो, अडचणीचा भाग आला की तेथे झगडत न बसता पुढे निघून जातो आणि अवघड जागांकडे शेवटी परततो. काय मिळाले आणि काय राहिले याची नोंद तो एका नकाशा-फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा तापलेली डिस्क विश्रांतीसाठी बंद करावी लागली तरी काम तेथूनच पुढे सुरू होते. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये तो वापरता येतो. प्रत घेणारी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी असावी. आज्ञा देताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती कोरी हे क्रमांकावरून दोनदा पडताळावे, कारण येथे अदलाबदल झाली तर सर्वच संपते.

नंतर चेकडिस्क चालवायची ती या प्रतीवर. तिच्या दोन पर्यायांतील फरक ठाऊक असलेला बरा. 'एफ' हा पर्याय फाइलींच्या याद्या आणि जोडण्या नीट करतो; निळ्या पडद्यावरील आपोआप सुरू होणारी तपासणी साधारण याच स्वरूपाची. 'आर' हा पर्याय त्याखेरीज संपूर्ण पृष्ठभाग वाचून बॅड सेक्टर शोधतो. आजारी डिस्कवर दोन्ही धोक्याचे. फोल्डरची यादी असलेला सेक्टर वाचता आला नाही तर चेकडिस्क त्यातील फाइली अनाथ ठरवते आणि त्या नावे गमावून 'फाउंड' या नावाच्या फोल्डरमध्ये केवळ क्रमांकाने जाऊन पडतात. नाव नसलेल्या चार हजार छायाचित्रांतून साखरपुडा कोणता हे शोधण्याची वेळ मग येते. प्रतीवर असे झाले तर प्रत पुन्हा काढता येते.

हरवलेल्या एका सेक्टरचा परिणाम फाइलीनुसार बदलतो. साध्या मजकुरात दोन ओळी जातात. जेपेग छायाचित्राचा त्या जागेपासूनचा खालचा भाग करडा किंवा रंग विस्कटलेला दिसतो. झिप फाइल मात्र एवढ्याशा कारणाने उघडण्यास नकार देऊ शकते.

हात आवरण्याची वेळ

डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक आवाज येत असेल, चकती फिरत नसेल किंवा खरवडल्यासारखा ध्वनी येत असेल, तर वरीलपैकी काहीही न करता वीज तोडावी. हेड निकामी झाले असल्यास प्रत्येक फेऱ्यागणिक लेप खरवडला जाण्याची भीती असते. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अनेक वर्षे फिरत आहे. बाहेर काढताच चकतीवर बाष्प धरते आणि उरलीसुरली आशा संपते. पेटी उघडणे हा तर शेवटचा उपाय नव्हे, शेवटच. धूळरहित कक्ष असलेल्या माहितीप्राप्ती केंद्राकडे डिस्क द्यावी आणि देण्यापूर्वी स्वत: केलेले प्रयोग प्रामाणिकपणे सांगावेत. खर्च बराच येतो. तो करावा की नाही, हे डिस्कच्या नव्हे तर तिच्यावरील मजकुराच्या मोलावरून ठरवावे.

प्रत हाती आल्यानंतर

मग मात्र दुरुस्तीचे सर्व प्रयोग मोकळेपणाने करता येतात. संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहावीत. येथे एक बारकावा आहे : एक्सपीतील पूर्ण फॉरमॅट पृष्ठभाग केवळ वाचून पाहतो, तर व्हिस्टापासूनचा पूर्ण फॉरमॅट प्रत्येक जागी शून्य लिहितो. त्यानंतर स्मार्टच्या नोंदी पाहाव्यात. प्रलंबित सेक्टर शून्यावर आले आणि बदललेल्या सेक्टरचा आकडा वाढला नाही, तर दोष बहुधा वीज जाण्याचा होता आणि डिस्क आणखी काही काळ चालेल. आकडा थोडा वाढून महिनाभर स्थिर राहिला तर गाणी किंवा दुसरीकडे असलेल्या मजकुराची जादा प्रत ठेवण्यास ती चालेल. दर आठवड्याला तो वाढत असेल तर निरोप द्यावा. सदोष पट्ट्याभोवती पार्टिशन आखून उरलेली जागा वापरण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. ओरखडा एकाच जागी थांबला असेल तर ती चालते. मात्र सुटलेले कण आतल्या आत फिरत असतात आणि नव्या डिस्कची किंमत पाहता हा खटाटोप परवडत नाही.

प्रतीबाबतही एक फसगत होते. एनटीएफएस पद्धतीत निकामी जागांची यादी डिस्कवरच, एका अदृश्य फाइलीत ठेवलेली असते. सेक्टरनिहाय प्रत काढली की ती यादीही नव्या डिस्कवर येते आणि कोऱ्या डिस्कवर बॅड सेक्टर दिसू लागतात. ती डिस्क दुकानदाराला परत करण्याची घाई करू नये. विंडोज ७ आणि त्यानंतरच्या चेकडिस्कमधील 'बी' हा पर्याय ही यादी पुन्हा तपासून निर्दोष जागा मोकळ्या करतो.

टाकून द्यायच्या डिस्कचेही काम संपलेले नसते. राखीव सेक्टर नेमला गेला तेव्हा जुना, टाकलेला सेक्टर चकतीवर तसाच राहतो आणि त्यात मजकुराचे अवशेष असू शकतात. शून्ये लिहिणारा नेहमीचा प्रोग्रॅम तेथे पोहोचत नाही, कारण तो पत्ताच आता दुसऱ्या जागेला दिलेला असतो. डिस्कच्या अंगभूत सिक्युअर इरेज आज्ञेचा विस्तारित प्रकार अशा सेक्टरनाही पुसतो. सर्वच जुन्या डिस्कमध्ये तो नसतो. तो नसेल किंवा डिस्क सुरूच होत नसेल, तर पेटीतून आरपार, चकत्या भेदतील अशी दोन-तीन छिद्रे ड्रिलने पाडावीत, काचेच्या चकत्यांचे तुकडे उडतात म्हणून डोळ्यांवर चष्मा चढवावा, आणि मगच ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.